रंभाचं औषध आणि आवडाबाईचा बर्फ

लिहिण्याची मला सवय नाही. पण आमच्या शेजारच्या आवडाबाईबद्दल कुणीतरी लिहायला हवं, म्हणून हा प्रयत्न.

ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. आवडाबाई आणि तिची सून रंभा बाजारात शेजारी बसून मासळी विकायच्या. अठ्ठ्याण्णव साली रंभाच्या एका डोळ्यापुढे धुकं आलं, मग पाय बधिर झाले. बरी झाली, पुन्हा पडली. डॉक्टर म्हणाले, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची राखण करणारी शक्तीच मज्जातंतूंवर उलटते. इंजेक्शनांनी झटके कमी होतील, पण आजार मुळापासून जाणार नाही. ती इंजेक्शनं इथे सहज मिळत नसत. रंभाचा दीर भिवाजी बोटीवर नोकरीला. त्याने परदेशातून खोका आणला आणि बजावलं, "थंड ठेवा हां!"

थंड ठेवायला आवडाबाईला कोण शिकवणार? तिने खोका पापलेटांच्या पेटीत, बर्फात जाडं मीठ घालून गाडला. सकाळी औषधाचा दगड!

"गोठलं म्हणजे वाया गेलं," सुई द्यायला आलेली नर्स म्हणाली.

"का म्हून? म्हावरा टिकतो, मंग औषध का नाय?"

"आये, मी काय म्हावरा हाय?" रंभा हसली. आवडाबाई हसली नाही.

भिवाजी दुसरा खोका आणेपर्यंत आणखी एक झटका आला. रंभाने अंथरूण धरलं. बाजारातल्या बायका तिची जागा मागू लागल्या. आवडाबाई रोज त्या जागेवर रंभाची रिकामी पाटी मांडायची. "ती बसलीय. दिसत नाय तुला?"

दुसरा खोका आमच्या फ्रीजमध्ये आला, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. आवडाबाई पाहणी करून गेली.

"काका, ती पापलेटं भायेर काढा. औषधाला वास लागंल."

"अगं, तूच दिलीस ना?"

"मंग आजच खावा की!"

आमची चंगळच झाली. आठवड्यातून तीनदा रंभा सुई न्यायला यायची. रात्री तिला ताप भरायचा, तरी पुढच्या खेपेला हजर. आधी सासूच्या खांद्यावर हात टाकून, नंतर काठीने. औषधाचा गुण की आपसूक उतार, डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येईना.

एका सकाळी मी बाजारात होतो. रंभा काठी टेकत आली. आवडाबाईने रिकामी पाटी उचलली आणि पाटीलाच म्हणाली, "ऊठ गो, धनीण आली."