श्वासाच्या जागी टिकली

दुपारचं जेवण झालं की हेमकांत दाभाडे स्टुडिओतल्या जुन्या सोफ्यावर आडवा होतो आणि म्हणतो, "फक्त डोळे मिटतो." असं म्हणून तो आजवर कधी अर्ध्या तासाच्या आत उठलेला नाही. आज मात्र झोप लागत नाही. संध्याकाळी सहाला सिनेमा कायमचा हातातून जायचा आहे. पोटावर शेवटच्या गाण्याचा कागद, कानात एसीची घरघर आणि डोक्यात एकच किडा. 'साळूताई'चा दुसरा भाग पहिल्याच्या पासंगाला तरी पुरेल का?

पहिला भाग येऊन चौदा वर्षं झाली. अंगभर काटे, म्हणून जिला कुणी मिठी मारत नाही अशा साळिंदरीचा तो गाण्यांनी भरलेला कार्टूनपट. गाणी गायली सुलभाताई रायरीकरांनी, चाली हेमकांतच्या. पोरं तर पोरं, आजोबा लोकही ती गुणगुणत. ताईंची एक खोड होती. श्वास कुठे घ्यायचा तिथे त्या पेन्सिलीनं खूण करत नसत. कपाळावरची मरून टिकली काढायच्या, कागदावर तिथे चिकटवायच्या आणि पर्समधली दुसरी कपाळाला लावायच्या.

ताई जाऊन तीन वर्षं झाली. नव्या भागात साळूची लेक रान सोडून निघते आणि तिची गाणी बार्शीच्या श्रावस्ती कांबळेनं गायली आहेत. शेवटी आईच्या दोन ओळी येतात. श्रावस्तीनं त्याही गाऊन ठेवल्या होत्या, पण हेमकांतचा धीर होईना. याच ओळींचं, पहिल्या वेळी लांबीपायी कापलेलं ताईंचं कडवं पडून होतं. त्यानं तेच लावलं.

"सरक की जरा," कुणीतरी म्हणतं.

सोफ्याच्या कडेला सुलभाताई बसल्यात. अंगावर शाल, पायांत मोजे. हेमकांतला नवल वाटत नाही. त्या गेल्यात हे त्याला ठाऊक आहे, पण तोंडावर बोलून दाखवणं बरं दिसत नाही.

"आलेच आहे तर बघूनच जाते. लाव तुझा सिनेमा."

थिएटरमध्ये अंधार होतो. पुढच्या रांगा साळिंदरांनी भरल्यात, काटे लागू नयेत म्हणून मध्ये एकेक खुर्ची सोडून. ताईंच्या मांडीवर ताट आहे आणि त्या गवार मोडत बघतायत. खुर्च्यांखाली त्यांच्या स्वयंपाकघराची शहाबादी फरशी आहे. पडदा ओट्याच्या वर, मिसळणाचा डबा असतो तिथे.

नदीचं गाणं सुरू होतं आणि ताईंचा हात ताटात थांबतो.

"अरे हेमू, हे तुला सुचलं? संबळ आणि बासरी एकत्र?"

"भीत भीतच केलं, ताई."

"भीतोस कसला! पहिल्यात तू माझ्या गळ्याला सांभाळून चाली बांधल्यास. इथे हात मोकळा सोडलायस. आणि ही पोरगी! केवढी धिटाई आवाजात!"

कौतुकाच्या बाबतीत ताई म्हणजे मुलखाच्या कंजूष. वीस वर्षांत त्यांनी दोनदाच 'बरं झालंय' म्हटलं होतं, आणि त्यातलं एकदा चहाला.

गवारीच्या देठांतून गवत उगवतं, भिंती लांब जातात आणि ती दोघं साळूच्या रानात उभी असतात. झाडांवर रंग अजून ओला आहे. लेक टेकडी उतरते आहे. वरून ताईंचाच आवाज येतो, एका दमात, कुठेही न तुटता:

जा पुढे तू, वाट तुझी गं
मी मागे उभीच आहे

समोरची साळिंदरं हुंदके देऊन रडू लागतात. ताई मात्र मान फिरवतात.

"का हो? चांगलं नाही झालं?"

"छानच गायलेय मी. पण ही रडतायत ती माझ्यासाठी, साळूसाठी नाही. इतका सोन्यासारखा सिनेमा केलास, आणि शेवटाला माझी कुबडी कशाला?"

"मला वाटलं, तुमच्याशिवाय तो उभा राहणार नाही."

"त्या मुलीनं गायलेलं कुठाय?"

हेमकांतच्या हातात कागद आहे. ताई तो कानाशी धरून ऐकतात, डोळे मिटून. मग दोन शब्दांच्या मध्ये बोट ठेवतात.

"'मागे' म्हटल्यावर श्वास घेतलाय तिनं."

"नवखी आहे. दम पुरला नाही."

"वेडा आहेस. लेक चाललीय डोळ्यांसमोरून, आईला एका दमात 'उभी आहे' म्हणवेल का? मी हा श्वास घेतला नसता, हेमू. मला सुचलाच नसता." त्या हसतात आणि हात कपाळाकडे नेतात. "माझं गाऊन झालंय रे. आता तिला गाऊ दे."

"ताई, थांबा ना."

"गवार करपेल."

एसीची घरघर. साडेतीन वाजलेत. हेमकांत उठून बसतो, तसा पोटावरचा कागद घसरून पालथा पडतो. तो उचलून सुलटा करतो. 'मागे' आणि 'उभीच' यांच्या मध्ये एक मरून टिकली आहे. तो नखानं कड उचलून बघतो. चांगली घट्ट बसलीय. श्रावस्ती कधी टिकली लावत नाही.

काचेपलीकडे ध्वनिमुद्रक मनीषा पाठारे हेडफोन सावरत असते. हेमकांत दार ढकलतो.

"मनीषा, शेवटच्या दोन ओळी बदलायच्या. श्रावस्तीच्या लाव."

"आणि बाईंचा आवाज?"

"काढ."

ती ओळी लावते आणि सवयीनं विचारते, "मधला श्वास पुसू ना?"

हेमकांत कागद तिच्यासमोर ठेवतो, टिकली दिसेल असा.

"त्याला हात लावू नकोस."