निवडून, धुवून दिलेली वाळू

वेल्ह्याजवळच्या पासली गावच्या ओढ्यात सकाळपासून वाळू धूत होतो. कंबर पार कामातून गेली, पण घमेल्यात उरायचं काय, तर चिमूटभर काळं. आणि याच ओढ्याचं सँपल पुण्याच्या लॅबोरेटरीत जवळजवळ सगळं काळं निघालेलं!

हे काळं म्हणजे इल्मेनाइट. लोखंड आणि टायटॅनियमचं जड खनिज. दिसतं काजळीसारखं, पण त्यातून पांढरीशुभ्र पूड काढतात, ती रंगात घालतात. वेल्डिंगच्या कांड्यांच्या लेपातही ते वापरतात. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, रंगाला मरणाची मागणी. आमच्या रंगाच्या कंपनीचे साहेब खाणीच्या नादानं हुरळून गेले होते. "सर्व्हे उरका आणि या, शंका काढत बसू नका," एवढं सांगून त्यांनी मला धाडलं.

ओढ्याकाठी बायजाबाईंचं भातखाचर होतं. मी आल्यापासून त्यांचा एकच घोशा, खाण कधी निघणार? एकुलता एक मुलगा मुंबईच्या गिरणीत. इथं काम निघालं तर तो घरी राहील, एवढंच त्यांना हवं होतं.

कंपनीचा आधीचा माणूस सँपलची रिकामी पिशवी त्यांच्याच हाती देऊन वेल्ह्याला जेवायला गेला होता, हे बोलता बोलता कळलं. मी विचारलं, वाळू नेमकी कुठली भरली?

"हितलीच की. पर निवडून, धुवून दिली. पावण्याला कचऱ्यासकट द्यायची व्हय?"

तांदूळ रोळावेत तशी त्यांनी वाळू रोळली होती. हलकी वाळू पाण्याबरोबर गेली, जड काळे कण तळाशी राहिले. पिशवी भरेपर्यंत बाई अख्खी दुपार ओढ्यात उभ्या होत्या. रागवायचं तरी कुणावर?

"बायजाबाई, इथं खाण नाही निघायची," मी म्हटलं.

त्या हळूच म्हणाल्या की खाण निघणार म्हणून पोराला निरोप धाडला होता. गिरणी सोडून तो कालच आलाय. समोर बांधावर एक तरुण दगड रचत होता, तो हाच.

"तुमीच सांगा त्याला. माझ्यानं न्हाई व्हायचं."

सांगितलं. फार वाईट वाटत होतं, पण सांगितलं. त्यानं माझं चिखलानं भरलेलं घमेलं उचललं, ओढ्यात धुतलं आणि स्वच्छ करून माझ्या हातात दिलं.

रिपोर्ट वाचून साहेब म्हणाले, ठीक आहे, आता दुसरा ओढा बघा. बघितला. पण तेव्हापासून सँपलची पिशवी, कितीही थकलो तरी, मी स्वतःच भरतो.