घोड्याच्या घरातलं प्यादं

मुरूमच्या बाजारात धुळाप्पाला बुद्धिबळात हरवील असा गडी नव्हता. पण सत्त्याऐंशीच्या दुष्काळात बुद्धिबळाला विचारतंय कोण? वस्तीवरची विहीर आटली, कारखान्याचा टँकर बंद झाला, आणि चेअरमनकडं खेटे घालून धुळाप्पाच्या चपला झिजल्या.

कारखान्याच्या हापिसात तेव्हा नवा कॉम्प्युटर आला होता. त्यात बुद्धिबळही होतं. "धुळाप्पा, तीन डावांत एकदा तरी याला हरवा, टँकर तुमच्या वस्तीवर!" चेअरमन हसत म्हणाला. लोकांच्या घशाला कोरड, आणि ह्या बाबाला खेळ सुचतोय! पण गरजवंताला अक्कल नसते. धुळाप्पा बसला.

पहिले दोन डाव गेले. आपल्या गावाकडच्या रीतीनं राजाला घोड्यासारखी एक उडी द्यायला गेला, तर मशीन घेईचना. बटणं दाबणारा कारकून महारुद्र म्हणाला, "मामा, हितं विलायती कायदा." धुळाप्पानं ते ध्यानात ठेवलं. आणखी एक गोष्ट ध्यानात आली: मशीन लई हावरट. समोर टाकलं की खायचं, मागं काय शिजतंय ते बघायचंच नाही.

सांजेला घरी आला तर बायको गिरिजाबाई बोचकं बांधत होती. सकाळच्या ट्रकनं अख्खी वस्ती सांगलीकडं जगायला निघायची होती.

"थांबा समदे," धुळाप्पा म्हणाला. "उद्या टँकर आणतो. त्याची खोड घावलीय मला."

त्याच्या शब्दावर लोक थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यानं हत्ती टाकला. मशीननं खाल्ला. उंट टाकला, तोही गिळला. वजीर टाकला तेव्हा चेअरमन खो खो हसला. धुळाप्पाची नजर एका प्याद्यावर होती. ते घोड्याच्या घरात पोचलं की घोडा होणार, मशीनच्या राजाला शह बसणार, आणि राजाला हलायला जागाच नाही. ज्याच्या घरात प्यादं पोचतं तेच मोहरं ते होतं, हे तो बापाजवळ शिकला होता. आधीच्या डावांत एकही प्यादं तिथवर गेलं नव्हतं.

प्यादं पोचलं. पडद्यावर वजीर उगवला.

"घोडा! आरं, घोडा पायजे मला!"

"मामा, हे आपसूक वजीरच देतं. घोड्यापेक्षा भारी की!" महारुद्र खुशीत म्हणाला.

"चुलीत घाल तुझा वजीर! शह बसतोय का त्याचा?"

बसत नव्हता. पुढच्याच चालीला मशीननं मात केली. धुळाप्पानं हात जोडले, चेअरमनच्या पायाशी वाकला. "एक डाव आणखी, साहेब." चेअरमन जेवायला निघून गेला.

वस्तीवर बायका घागरी रस्त्याला मांडून उभ्या होत्या.

"मागनं येतोय का टँकर?" गिरिजाबाईनं विचारलं.

"न्हाय. हरलो म्या."

ट्रक सकाळीच रिकामा निघून गेला होता. बायकांनी रिकाम्या घागरी उचलल्या. गिरिजाबाईनं बोचकं डोक्यावर घेतलं.

"चला," ती म्हणाली, "आता चालतच जायचं."