वाट कोणत्या कोर्टात मागायची

आर्वीच्या कोर्टात मी स्वतः चालवलेला पहिला दावा रोहणा गावच्या एका काकूंचा. शेत त्यांच्या नावावर, कसतही त्याच होत्या. शेजाऱ्याने धुऱ्यालगतच्या, म्हणजे बांधाकडेच्या गाडीवाटेत आडवी नाली खोदली आणि वेचलेला कापूस शेतातच अडकला. वर आभाळ भरून आलेलं. शेजाऱ्याचे वकील म्हणजे माझेच सर. त्यांच्या हाताखाली मी काम शिकले होते.

सरांनी वाटेचा विषयच काढला नाही. हे भांडण तहसीलदारांपुढचं, या कोर्टाला ते ऐकायचा अधिकारच नाही, एवढंच ते शांतपणे म्हणाले. मागे बसलेल्या काकूंनी माझा गाऊन ओढला.

"काऊन वं पोरी, हे कोर्ट आपलं ऐकतच नाई का?"

मी हायकोर्टाचा एक जुना निवाडा पुढे ठेवला. कायद्यात स्पष्ट मनाई नसेल, तर दिवाणी कोर्टाचं दार बंद धरू नये, असं त्यात होतं. सर म्हणाले, त्यानंतर महसूल कायदाच बदलला. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं.

"नव्या कायद्यानंतर हे मत फिरवलं गेलंय का?"

मी पुष्कळ शोधलं होतं, पण काही सुटलंच नसेल अशी खात्री नव्हती. सरांना माहीत असेल, तर ते आत्ता बोलतील.

"मला तसा निवाडा सापडला नाही," मी म्हणाले.

सर कागद चाळत राहिले.

हुकूम जेवणाच्या सुटीनंतर होणार होता. व्हरांड्यात काकूंनी डबा उघडलाच नाही. तहसीलमध्ये नव्यानं अर्ज करावा लागला तर कापूस भिजणार, हे दोघींनाही कळत होतं.

सुटीनंतर न्यायाधीशांनी सांगितलं की दावा ऐकायचा अधिकार या कोर्टाला आहे. निकाल लागेपर्यंत शेजाऱ्याने नाली बुजवून वाट मोकळी ठेवावी. ती कायद्याची भाषा काकूंना उमगली नाही. मी वाकून म्हटलं, "काकू, गाडी न्या." तेव्हा त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

सर जाताना म्हणाले, आम्ही अपिलात जाऊ. त्यांनी ते केलंही, पण वर्ध्याच्या जिल्हा कोर्टात हुकूम कायम राहिला. कापूस तर त्याआधीच, पाऊस येण्यापूर्वी घरी आला, फक्त तळचा थोडा जमिनीच्या ओलीने ओलसर झाला होता. वाट आज चालू आहे. दोन्ही घरं मात्र अजून एकमेकांशी बोलत नाहीत.