रुमालाखालचा भाव

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, उदगीरच्या साहित्याचा भाव बरीच वर्षं एका आडत दुकानात, रुमालाखाली ठरत असे. हसू नका. उभं राहून वाचलंत तर उत्तम.

भाव ठरवणारे अप्पा, धान्याचे आडते. बाजाराची जुनी रीत तुम्हाला ठाऊक असेल: घेणारा-देणारा हातांवर रुमाल टाकून बोटं दाबतात, भाव दोघांतच राहतो. बाजारातून ती रीत गेली. अप्पांनी आमच्यासाठी जपली. आम्ही नवशिके शनिवारी त्यांच्या दुकानात, सोयाबीनच्या पोत्यांवर बसून कथा-कविता वाचायचो. वाचून झालं की अप्पा म्हणायचे, "या, हात द्या." खांद्यावरचा रुमाल टाकून बोटं दाबायचे. जितकी बोटं तितका भाव, पाचपैकी. चारचौघांत कुणाचं नाक कापलं जात नसे. नियम एकच: "भाव फोडायचा न्हाई."

माझी पहिली कथा मी नाटकातल्या राजाच्या थाटात वाचली. नायिका मेली तेव्हा मीच रडलो. अप्पांनी दोन बोटं दाबली.

"दोनच?" मी कुजबुजलो.

"ओल हाय अजून. वाळवा, आइतवारी घेऊन या."

रविवारी बाजार बंद. रिकाम्या दुकानात अप्पांनी चहा मागवला, डोळे मिटून ऐकलं. "ही बाई तीन पानं झाली मरतच हाय की हो! आटपा." मी आटपली. पुन्हा दोन. अशी वर्षं गेली. दुसऱ्या कुणाला रविवारचं बोलावणं नसे. माझाच माल एवढा ओला, या लाजेनं मी बोळातून लपतछपत जायचो.

मागच्या महिन्यात अप्पा गेले. शोकसभा दुकानातच झाली. आमच्यातले कवी-मास्तर डोळे पुसत म्हणाले, "आज नियम मोडतो. मला अप्पांनी कायम चार दिली." बँकेतल्या बाई हुंदका देत म्हणाल्या, "मलासुद्धा चार!" मग सगळेच. चार, चार, चार.

माझे कान तापले. आणि हार घातलेल्या फोटोकडे बघत, भर सभेत मी ओरडलो, "मग मला दोनच का हो, अप्पा?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मला पोत्यात शिरावंसं वाटलं. पुढं बसलेल्या अप्पांच्या बायकोनं, काकूंनी, पदर डोळ्यांवरून काढला आणि त्या फटकन बोलून गेल्या:

"चार दिली असती, तर आइतवारी त्यांच्यासंगं चहाला कोण आलं असतं?"