नाव न घेता शिकवलेला क्लॉज
बी.एड. झालं आणि लगोलग लग्न लागलं. घाटकोपरच्या चाळीत दोन खोल्यांत सासू-सासरे आणि आम्ही दोघं. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी शिकलेली मराठी माध्यमात आणि अर्ज करत होते इंग्रजीच्या शिक्षिकेचे! दोन शाळांनी घरी पाठवलं. मग मुलुंडच्या एका शाळेतून बोलावणं आलं, तेव्हा सासूबाईंनी बजावलं, "ह्या खेपेक नाय जमला, तर गावाक जावचा. थयसर घर कोण बघतलो?" आमचे हे पेपरात डोकं घालून बसलेले. असा संताप आला म्हणून सांगू! ओसाड घराला झाडू मारायला का शिकले होते मी?

शाळेत गेल्यावर कळलं, आठवीच्या वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा. विषय, अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. मुख्याध्यापिका हाताची घडी घालून मागच्या बाकावर बसल्या. मी फळ्यावर व्याख्या लिहिली : नामाबद्दल जास्तीची माहिती सांगणारं उपवाक्य.  उदाहरण द्यायला एका मुलीला उभं केलं, तर तिने ठोकून दिलं, "हू इज फॅट, दॅट मॅन इज माय मामा!" सगळे खिदळले. चूक अगदी आपल्या घरातली. मराठीत 'जो जाडा आहे, तो माझा मामा' असंच म्हणतो ना आपण! पण ते हिला सोडवून कसं सांगायचं? वाट लागली, म्हटलं.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक आगाऊ पोरगी म्हणाली, "बाई, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?" वर्गाला टाइमपास हवाच होता. माझ्या तोंडून काही नाव निघेना. आमच्याकडे बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. सासूबाईंची तर पंचाईत दुप्पट, कारण सासऱ्यांचंच नाव शेजारच्या एका काकांचंही, म्हणजे त्यांनाही नावाने हाक मारायची सोय नाही. मग त्या गॅलरीतून कुणाला तरी ओरडून सांगायच्या, "जो दात घासताना गाणी म्हणता, तेका हाक मार रे!" आणि नेमके तेच काका बाहेर यायचे.

ते आठवलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

"नाव नाही सांगणार," मी म्हटलं. "खुणेवर ओळखायचं. द मॅन हू ब्रिंग्ज फिश एव्हरी संडे इज माय हजबंड. इंग्रजीत आधी माणूस उभा करायचा, मग लगेच त्याचं पुराण. त्या 'हू'पासूनच्या पुराणालाच म्हणतात अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. आता तुम्ही वर्गातल्या कुणाबद्दल तरी सांगा. नाव घेतलं की बाद!"

अहो, वर्ग नुसता पेटला! "द गर्ल हू ईट्स चिंच इन मॅथ्स पीरियड इज ब्लशिंग!" ती गुपचूप बाकाखाली वाकली. "द बॉय हूज शर्ट इज ऑलवेज आउट..." "पुढे? अर्धवट सोडू नकोस रे, वाक्य पुरं कर!" "...इज माय बेस्ट फ्रेंड, बाई!" मग ती मामावाली स्वतःहून उठली, जरा अडखळली आणि म्हणाली, "द मॅन हू इज फॅट इज माय मामा." झकास! मीच सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. 

घंटा झाली. मुख्याध्यापिका उठून पुढे आल्या. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. मी हातातला खडू खाली ठेवला. त्यांनी वर्गाकडे बघून म्हटलं, "एक माझंही ओळखा. द टीचर हू विल टीच यू फ्रॉम मंडे इज स्टँडिंग हिअर."

सगळ्या वर्गाची बोटं एकदम माझ्याकडे वळली. गावाला आता मी जाणार होते ते फक्त मे महिन्याच्या सुट्टीत, आंबे खायला!