नवा कॅमेरा आणि डावा सड

नवा फोन बाजारात यायच्या आधी दोन महिने मी त्याचा अभ्यास केला. बी.एड.ला एवढा केला असता, तर एव्हाना मुख्याध्यापक झालो असतो. त्याचं अनावरण आम्ही चार मास्तरांनी मधल्या सुट्टीत भेळ खात थेट पाहिलं. काळा टी-शर्ट घातलेला एक माणूस व्यासपीठावर येरझाऱ्या घालत होता आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या. नेवासा तालुक्यात बसून आम्हीही माना डोलावत होतो.

फोन हातात आल्यावर गुणदोष कळायला लागले. चार्जिंग झटपट. आमच्याकडे वीज जितका वेळ टिकते तेवढ्यात आटोपतं. पाठ काचेची, म्हणून किमती दिसते. काचेची म्हणूनच तिच्यावर पहिल्या दिवशी रबरी कव्हर चढवायचं, की मग काहीच दिसत नाही. उन्हात पडदा काळा ठिक्कर. नगर जिल्ह्यात उन्हाशिवाय दुसरं काय पिकतं, हे त्या टी-शर्टवाल्याला कुणी सांगितलं नसावं. अंगठा लावला की उघडतो म्हणे, पण वडिलांचा अंगठा त्याला मान्य नाही. धारा काढून काढून त्यावरच्या रेषाच गेल्यात. "ह्याला मी मानूसच वाटत न्हाई," वडील म्हणाले.

कॅमेऱ्यावर मात्र मी लट्टू होतो. त्यानं वडिलांच्या सुरकुत्या अशा काही पुसल्या की आई म्हणाली, "हे कोन पाव्हनं आलं?" आम्ही पोट धरून हसलो. तो फोटो मी शाळेत मिरवलासुद्धा.

त्याच आठवड्यात गाय विकायचं ठरलं. वडिलांना आता धारेला बसवत नव्हतं. त्यांनी जन्मभर घोडेगावच्या बाजारात जनावरं विकली, पण एक नेम मोडला नाही. गिऱ्हाईक आलं की आधी खोड सांगायची, मग दूध, मग किंमत. त्यामुळे त्यांची गाय कुणी तपासत नसे. म्हातारा सांगतोय त्यापलीकडे काही वाईट नाही, असं धरून लोक दावं हातात घेत. वडिलांना शेतापेक्षा या गोष्टीचा अभिमान जास्त होता.

या गायीच्या पुढच्या डाव्या सडाला कुंपणाची तार लागून गाठ आली होती आणि त्यातून धार बारीक येई. मी म्हटलं, बाजारात कशाला जाता, जनावरांच्या ग्रुपवर फोटो टाकतो. वडिलांनी गाय घासून धुतली, तिचा पाय मागे ओढून धरला आणि गाठ नीट दिसेल असं केलं.

"खाली लिव, डाव्या सडाला गाठ हाय म्हनून."

"लिहायची काय गरज? फोटोत दिसतंय की सगळं. कॅमेरा कसला आहे बघा तरी!"

फोटो झकास आला. गाय चमकत होती. मी तिच्या रंगाकडे पाहिलं, मागच्या आभाळाकडे पाहिलं. सडाकडे पाहिलंच नाही. मला गाय विकायची कुठे होती, कॅमेरा दाखवायचा होता.

दुसऱ्या दिवशी शेवगावकडचा एक शेतकरी टेम्पो घेऊन आला. फोनवर व्यवहार जवळजवळ ठरलाच होता. तो सहज कासेशी वाकला, ताठ झाला, आणि त्यानं आपला मोबाईल काढून वडिलांसमोर धरला. फोटोत चारही सड एका साच्यातून काढल्यासारखे गुळगुळीत होते. गाठीचा मागमूस नव्हता.

"बाबा, तुमचं नाव ऐकून आल्तो मी. असं झाकून इकता व्हय?"

वडिलांनी मोबाईल लांब धरून फोटो बराच वेळ पाहिला. मीच मध्ये पडलो. "अहो, हा फोनच तसं करतो. त्वचा नितळ करायची सोय आपोआप चालू असते."

"गाय फोननं इकायला काढलीय व्हय?" तो म्हणाला. टेम्पो रिकामा परत गेला.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर आलं, 'मास्तरच्या वडलांनी सड लपवला.' खाली हसऱ्या तोंडांची रांग. मी सेटिंगच्या पोटात शिरून ते बटण शोधलं, बंद केलं, नवा फोटो आणि लांबलचक खुलासा टाकला. त्याला एकच अंगठा आला. तोही माझ्याच मेव्हण्याचा.

पुढच्या बाजाराला वडील स्वतः गाय घेऊन घोडेगावला गेले. मी सोबत होतो. जो कुणी जवळ येई, त्याच्यासाठी ते वाकायचे, सड हातात धरायचे आणि गाठ दाखवायचे. किंमत विचारायच्या आधी. नुसता रस्ता ओलांडायला थांबलेल्यालासुद्धा. माझ्या वडिलांना कुणापुढे असं पुरावा देताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांना वर्षानुवर्षं ओळखणारा एक म्हातारा व्यापारी ते बघून चक्रावला. "आवो, हे काय चाललंय? तुमी नुसतं सांगायचं, आमी दावं धरायचं. तुमच्या गायीखाली आमी कधी वाकलो का?"

"तवा माझ्या सांगन्यावर चालत हुतं," वडील म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "आता पोरानं चांगला फोन घेतलाय."

व्यापारी हसला. दावं धरून मी शेजारीच उभा होतो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.